बॅगचा नंबर वहीत लिहा: थॅलेसेमियाच्या मुलांना रक्तातून होणारे संसर्ग कसे टाळायचे, कसे ओळखायचे, आणि झालेच तर काय करायचं

माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे, म्हणजे तिच्या अंगात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही आणि रक्त बाहेरून चढवावं लागतं. त्या रक्तातूनच तिला हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला इजा करणाऱ्या विषाणूचा संसर्ग, झाल्याचं कळलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत रक्त कुठून कुठून आणलंत? बॅगचे नंबर आहेत का?" आमच्याकडे होती एक कॅरिबॅग, तिच्यात कोंबलेल्या पावत्या, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्ध्या पावत्यांची शाई उडून कागद कोरे झालेले. कुठल्या बॅगेतून विषाणू आला हे आजतागायत कळलेलं नाही. ज्या रक्तपेढ्यांतून आम्ही रक्त घेत होतो, त्यांपैकी एकीनं तर "नंबर नसेल तर आम्ही काय शोधणार?" म्हणून हात वर केले. तेव्हा राग आला होता. पण नंबर आमच्याकडे नव्हता हेही खरंच होतं.

मुलगी आता कॉलेजात जाते, हिपॅटायटिस सी बरा झालाय. एवढ्या वर्षांत जे शिकले ते सिव्हिलच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या आयांना तोंडी सांगत आले. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, करमाळ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या असतात, लेकरू मांडीवर पेंगत असतं. तेच आता लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, सुरू करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी सांगतेय ते घरच्यांनी करायचं काम, आणि ते कमी नसतं.

आधी हिशेब

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. दर तीन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला सतरा वेळा. मूल मोठं झालं की एका वेळी दोन बॅगा. म्हणजे वर्षाला ३४ बॅगा आणि ३४ अनोळखी माणसं. दहा वर्षांत साडेतीनशेच्या घरात. अपघातात एकदाच दोन बॅगा लागलेल्या माणसाचा धोका आणि आपल्या लेकराचा धोका एका मापानं मोजता येत नाही, कारण आपण तीच चिठ्ठी वर्षाला ३४ वेळा उचलतो.

भारतात दान केलेल्या प्रत्येक युनिटची पाच चाचण्यांतून तपासणी कायद्यानं सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. यातली हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेली कुणी मोठी व्यक्ती घरात असेल आणि तिची सीची तपासणी कधीच झाली नसेल, तर या आठवड्यात करून घ्या.

मग पाचही तपासण्या होऊनसुद्धा संसर्ग होतो कसा? 'विंडो पिरियड'मुळे. रक्तदात्याला संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. त्या दिवसांत रिपोर्ट 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' येतो, पण विषाणू बॅगेत असतो. नेहमीची एलायझा पद्धत एचआयव्ही साधारण दोन ते तीन आठवड्यांनी पकडते, हिपॅटायटिस बी पाच-सहा आठवड्यांनी, आणि सीच्या अँटिबॉडीला (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनांना) तर दोन महिनेही लागू शकतात. 'नॅट' नावाची तपासणी विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधते, त्यामुळे हा काळ बराच आखडतो: एचआयव्हीसाठी दहा-अकरा दिवस, सीसाठी आठवडाभर, बीसाठी तीनेक आठवडे. आखडतो, शून्य होत नाही. "नॅट केलंय म्हणजे शंभर टक्के सेफ" असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण मुलाची दर सहा महिन्यांची तपासणी चुकवू नका.

या गोष्टी घडतात. २०११ मध्ये गुजरातेत जुनागढला थॅलेसेमियाची २३ मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, नागपुरात, रक्त घेणारी चार मुलं पॉझिटिव्ह आढळल्याची बातमी आली आणि त्यातलं एक दगावलं. हे वाचून रक्त पुढे ढकलणारी आई मी पाहिलेली आहे. ते करू नका. हिमोग्लोबिन सहा-सातवर घसरलेल्या मुलाचं हृदय, हाडं आणि वाढ यांचं होणारं नुकसान अटळ असतं. संसर्गाचा धोका आपण कमी करू शकतो, रक्ताची गरज नाही करू शकत.

पहिल्या बॅगेच्या आधी

निदान नुकतंच झालं असेल आणि रक्त अजून सुरू व्हायचं असेल, तर हा भाग दोनदा वाचा. ही संधी परत येत नाही.

पहिलं रक्त चढण्याआधी मुलाचं सॅम्पल घेऊन एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी) आणि अँटी-एचसीव्ही (सीची तपासणी) करून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स नाही, मूळ प्रत जपून ठेवा. पुढे कधी प्रश्न उभा राहिला तर "आधी निगेटिव्ह होतं" हे सांगणारा तेवढा एकच कागद असतो. त्याच सॅम्पलवर रक्तगटाचं सविस्तर टायपिंग मागा: नुसतं ए-बी-ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नाही, तर आरएचचे सी, ई हे उपगट आणि केल नावाचा आणखी एक रक्तगट. एकदा दुसऱ्याचं रक्त मिसळलं की हे टायपिंग साध्या पद्धतीनं नीट होत नाही. याचा संसर्गाशी थेट संबंध नाही, पण पुढे दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की जुळणारं रक्त मिळेना होतं, आणि मग घाईत मिळेल तिथून, मिळेल ते उचलावं लागतं. धोका तिथे वाढतो.

आणि लस. हिपॅटायटिस बीची लस सरकारी वेळापत्रकात जन्मल्या जन्मल्या आणि मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळते. कार्ड काढून खरंच झाली आहे का बघा. गावाकडे बाळंतपण झालं असेल तर जन्माचा डोस राहिलेला असू शकतो. लस घेतली म्हणून विषय संपत नाही. 'अँटी-एचबीएस टायटर', म्हणजे लसीनं तयार झालेलं संरक्षण किती आहे ते, तपासायचा, तो १० च्या वर हवा. माझ्या मुलीचा आठव्या वर्षी खाली आला होता, बूस्टर घ्यावा लागला. ही तपासणी आपणहून कुणी सुचवेलच असं नाही, मागावी लागते. हिपॅटायटिस एची लसही डॉक्टरांना विचारून घ्या. सतत रक्त चढवून साठलेल्या लोहानं आधीच थकलेल्या लिव्हरला साधी कावीळही जड जाते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही.

रक्तदाता कोण आहे, हे बघा

आपल्याकडे रक्त लागलं की पहिला विचार येतो, "घरचाच माणूस बरा. भाऊ आहे, काका आहे, ओळखीचं रक्त." मायेनं केलेली चूक म्हणतात ती हीच. एक तर घरच्या माणसावर दडपण असतं. चारचौघांत "मी देऊ शकत नाही" म्हणायची त्याची हिंमत होत नाही, आणि प्रश्नावलीत जे कबूल करायला हवं ते तो गिळून टाकतो. दुसरं, आईवडील किंवा भावंडांचं रक्त चढवलं तर पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरल्यास अडचण येऊ शकते. शिवाय जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. म्हणून भावाला, काकाला रक्तदान करायला जरूर सांगा, पण ते रक्त दुसऱ्या कुणाला जाऊ द्या.

सगळ्यात भरवशाचं रक्त नियमित, स्वेच्छेनं देणाऱ्याचं. जो माणूस वर्षातून तीन-चारदा देतो त्याची दरवेळी तपासणी होत असते. पुरुषाला दोन दानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बाईला १२० दिवसांचं. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. तरीही वॉर्डाबाहेर कुणी "दोन हजार द्या, डोनर देतो" म्हणत आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता शिबिरांबद्दल थोडं कडू बोलते. आपल्या जिल्ह्यात जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो की गणपती मंडळ, शिबिर झाल्याशिवाय कार्यक्रम होत नाही. ही चांगली गोष्ट आहे, माझं लेकरू त्यावरच जगलं. पण हेल्मेट, ट्रॅव्हल बॅग, टिफिन असली बक्षिसं लावली की रांगेत असा माणूसही येतो ज्याला बक्षीस हवं असतं, आणि तो फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांना डोळे झाकून 'नाही' लिहितो. गेल्या वर्षात टॅटू काढलाय का, कावीळ झाली होती का, नुकताच मलेरिया झाला होता का, असुरक्षित शरीरसंबंध आले होते का? विंडो पिरियडवर मशीनपेक्षा या प्रश्नांची खरी उत्तरं जास्त उपयोगी पडतात. तुमच्या गल्लीतल्या मंडळाचं शिबिर असेल तर बक्षीस नको म्हणून भांडा. आणि फॉर्म भरणाऱ्याला आडोसा द्या. शेजारी मित्र उभे असताना कोण खरं लिहिणार?

दुसरी विनंती तारखेची. एका दिवसात दोनशे बॅगा जमतात आणि दीड महिन्यात त्या संपतात किंवा मुदतबाद होतात. लाल पेशींची बॅग तिच्यातल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसच टिकते. मग एप्रिल-मे उजाडतो, पारा चाळिशी ओलांडतो, कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि रक्तपेढीत 'बी निगेटिव्ह नाही, उद्या या' सुरू होतं. मंडळाला सांगा, शिबिर उन्हाळ्यात घ्या, सकाळी सात ते दहा. आम्ही मुलीच्या वाढदिवसाचं निमित्त करून मे महिन्यात पंधरा-वीस माणसं जमवतो. पुढे तेच लोक नियमित झाले, त्यातल्या सात-आठ जणांना तर आता फोनही करावा लागत नाही.

रक्तपेढीच्या खिडकीवर विचारायचे प्रश्न

शक्य तोवर एकच रक्तपेढी धरा. रोज नवी पेढी धुंडाळण्यानं नोंदी विखुरतात. ठरवण्याआधी फोन करून विचारा: तुमच्याकडे नॅट होतं का? प्रत्येक सॅम्पलचं वेगळं होतं की अनेकांची सॅम्पल एकत्र करून? नॅट नसेल तर एलायझा कुठल्या पिढीची? चौथ्या पिढीची किट एचआयव्हीचं अँटिजेन, म्हणजे खुद्द विषाणूचा अंशही पकडते, म्हणून लवकर दाखवते. नुसत्या रॅपिड कार्डवर तपासणी होत असेल तर दुसरी पेढी बघा. असं विचारलं की काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू द्या. चांगली पेढी नीट उत्तर देते, तिथले तंत्रज्ञ उलट खुश होतात.

'ल्युकोरिड्यूस्ड' म्हणजे पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. साठवण्याआधीच गाळलेलं मिळालं तर उत्तम, नाहीतर बेडजवळ लावायचा फिल्टर. त्यानं थंडी-तापाची रिअ‍ॅक्शन कमी होते आणि पांढऱ्या पेशींत लपणारा सायटोमेगालो विषाणू अडतो. पण बाकड्यावर एक गैरसमज मी सतत ऐकते, "फिल्टर लावलाय ना, आता एचआयव्हीची भीती नाही." तसं नाही. फिल्टर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही थांबवत नाही.

पैशांचं पटकन सांगते. सरकारी रक्तपेढीत थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत आहे. खासगीत रक्ताची 'किंमत' नसते, फक्त प्रक्रियाशुल्क असतं. मुलाचं थॅलेसेमियाचं ओळखपत्र आणि दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे.

बॅग हातात पडली की तिथेच, खिडकीवरच, लेबल वाचा. बॅगचा नंबर, रक्तगट, काढल्याची तारीख, मुदत, आणि पाचही तपासण्यांसमोर 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. मग बॅग उजेडात धरा. गुठळ्या, बुडबुडे, जांभळट-काळपट रंग, वरच्या द्रवात लाल छटा, कुठे गळती दिसली तर परत करा. चौदा दिवसांच्या आतलं रक्त मिळालं तर थॅलेसेमियासाठी बरं.

रक्तपेढी ते वॉर्ड: आपल्याकडचं खरं संकट

मोठ्या शहरातल्या पुस्तिकांत हा भाग सापडत नाही, कारण तिथे रक्तपेढी त्याच इमारतीत असते. आपल्याकडे बऱ्याचदा बाप मोटरसायकलवर जाऊन बॅग आणतो. मे महिन्याची दुपार, सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नल, बॅग काळ्या कॅरिबॅगेत हँडलला लटकलेली. वाटेत झेरॉक्सही काढायची असते आणि चहाही प्यायचा असतो.

रक्त २ ते ६ अंशांत ठेवायचं असतं. बाहेर पडून तापलं की त्यात चुकून शिरलेले दोन-चार जिवाणू भराभर वाढतात. विषाणू वर्षांनी त्रास देतो, जिवाणूंनी भरलेली बॅग तासाभरात जीव घेऊ शकते. म्हणून थर्माकोलचा किंवा लसीकरणाला वापरतात तसा डबा घ्या. तळाशी आइस पॅक, वर जाड टॉवेलची घडी, त्यावर बॅग. बर्फाला बॅग थेट टेकवू नका, गोठलेल्या लाल पेशी फुटतात. पेढीतून थेट वॉर्ड, मधे थांबा नाही. सलाईन लागलेली आहे, सिस्टर तयार आहेत, हे फोनवर विचारून मगच बॅग घ्यायला निघा. दोन बॅगा लागणार असतील आणि पेढी जवळ असेल तर दुसरी नंतर आणा. फ्रीजबाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात रक्त सुरू व्हायला हवं. उशीर होणार असेल तर ती रक्त ठेवायच्या खास फ्रीजमध्येच जाते. घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी, कधीच नाही.

आणि बॅग गरम करायची नाही. एकदा डे केअरमध्ये, म्हणजे दिवसा रक्त चढवतात त्या वॉर्डात, एक आज्जी पोतडीतून गरम पाण्याचा थर्मास काढून बॅग त्यात बुडवायला निघाल्या होत्या. "लेकराला गार रगत कसं सोसंल?" त्यांचं चुकत नव्हतं, माया होती. सिस्टरनी समजावलं: रक्त थेंबाथेंबानं जातं, वाटेत आपोआप कोमट होतं. उन्हात, गरम पाण्यात, काखेत धरून तापवलं तर पेशी फुटतात आणि जंतू वाढतात.

बेडजवळ

सुई टोचण्याआधी दोन माणसांनी बॅग आणि रुग्ण ताडून बघायचं असतं. तुम्ही तिसरे व्हा. मुलाचं पूर्ण नाव, रक्तगट, बॅगचा नंबर, क्रॉसमॅचचा, म्हणजे रक्त जुळल्याचा कागद. एकाच खोलीत आठ लेकरं असतात आणि त्यात एकाच नावाची दोन. "सिस्टर, एक मिनिट, नंबर वाचून दाखवते," म्हणायला लाजू नका.

सुरुवातीला ताप, नाडी, रक्तदाब लिहून घ्या. पहिली पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला. रक्त हळू जाऊ द्या आणि मुलाचा चेहरा बघा. हुडहुडी भरणं, ताप, कंबरेत किंवा छातीत दुखणं, धाप, अंगावर गांधी, लघवी लाल, किंवा मूल नुसतंच "कसंतरी होतंय" म्हणालं तरी:

१. लगेच नळीवरचा रोलर फिरवून रक्त बंद करा आणि सिस्टरना हाक मारा.
२. सुई काढू देऊ नका. त्याच शिरेतून नवीन सेटनं साधं सलाईन चालू ठेवतात, म्हणजे औषध द्यायला वाट राहते.
३. बॅग आणि सेट फेकू देऊ नका. दोन्ही रक्तपेढीत परत जातात, मुलाच्या नव्या सॅम्पलसह.
४. जोराची थंडी आणि रक्तदाब घसरला असेल तर बॅगेचं आणि मुलाचं, दोन्हींचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ही तपासणी, व्हायला हवी.
५. रिअ‍ॅक्शनचा फॉर्म भरला का, ते विचारा. देशात २०१२ पासून रक्तामुळे होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे आणि अशा नोंदी तिथे जातात.

सगळं ठीक चाललं तरी एक बॅग चार तासांच्या आत संपायला हवी. "उरलेलं उद्या लावू" हा पर्याय नाही.

घरी आल्यावरचा ताप

थॅलेसेमियाच्या मुलाचा ताप साधा धरू नका, असं सगळे सांगतात. का, ते कुणी सांगत नाही.

डेसफेरॉलचा, म्हणजे साठलेलं लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा, पंप चालू असताना ताप, पोटदुखी आणि जुलाब आले तर येर्सिनिया नावाचा जंतू डोक्यात यायला हवा. त्याला लोह लागतं, आपल्या मुलांच्या अंगात ते भरपूर असतं, आणि डेसफेरॉल ते त्याला आयतं पोचवतं. गंमत अशी की हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून रक्ताच्या बॅगेतूनही येऊ शकतो. असा ताप आला की पंप थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

डेफेरिप्रोन, म्हणजे आपल्याकडे 'केल्फर' म्हणतात ती लोह काढायची गोळी, चालू असेल आणि ताप, घसादुखी, तोंडात फोड आले, तर गोळी बंद आणि लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. तिच्यामुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात.

प्लीहा काढलेल्या मुलाचा ताप ही आणीबाणी आहे. रात्री दोन वाजता आला तरी सकाळची वाट बघायची नाही. ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंवरच्या लसी झालेल्या हव्यात. पेनिसिलिनची गोळी डॉक्टरांनी सांगितली तितकी वर्षं घ्यायची.

रक्त चढल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप आला तर मलेरियाचा स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून करतात ती तपासणी) करा आणि डॉक्टरांना रक्ताची तारीख सांगा. "आमच्या भागात मच्छर नाहीत" म्हणून उपयोग नाही, रक्तदात्याच्या भागात असतील. त्याच सुमारास डोळे पिवळे, लघवी गडद आणि हिमोग्लोबिन पटकन उतरलं, तर कावीळ समजून झाडपाला देत बसू नका. चढवलेल्या लाल पेशी फुटत असण्याची शक्यता असते.

आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही? यात सुरुवातीला बहुधा बाहेरून काहीच जाणवत नाही. ताप नाही, थकवा नाही, भूक ठीक. माझी मुलगी हिपॅटायटिस सी अंगात असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचत होती.

दर सहा महिन्यांनी

म्हणूनच एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तरी. लक्षात राहायला दोन दिवस ठरवा. आम्ही गड्ड्याची जत्रा आणि आषाढी धरलीय, जानेवारी आणि जुलैच्या आसपास. सोबत एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) आणि फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय याची). एसजीपीटी विनाकारण वाढलेला दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सीची तपासणी. संसर्ग असताना फेरिटिन फुगून दिसतं, त्यावरून घाईनं लोहाच्या औषधाचा डोस बदलू नका.

एक बारकावा: हिपॅटायटिस बीच्या लसीचा डोस घेतल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजी खोटंच पॉझिटिव्ह येऊ शकतं. आधी तपासणीला रक्त द्या, मग लस घ्या.

पॉझिटिव्ह आलं तर

पहिल्या रिपोर्टवर रडून घ्या, पण निष्कर्ष काढू नका. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेलाय. आता आहे की नाही हे 'एचसीव्ही आरएनए' पीसीआर सांगतं. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. असेल तर गोळ्या आहेत: सोफोसबुविरबरोबर डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, साधारण बारा आठवडे, आणि बरे होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हा उपचार मोफत मिळतो. दोन गोष्टी डॉक्टरांना आठवणीनं विचारा. उपचाराआधी हिपॅटायटिस बी तपासलाय का? सीची औषधं चालू झाली की झोपलेला बी जागा होऊ शकतो. आणि रिबाव्हिरिन हे औषध सोबत देणार असाल तर खरंच गरज आहे का? त्यानं लाल पेशी फुटतात आणि रक्त जास्त लागतं. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा पीसीआर. त्यानंतर अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्हच दिसते, म्हणून पुढच्या प्रत्येक तपासणीत आरएनए करायला सांगा, नाहीतर दर सहा महिन्यांनी नवा घोर.

हिपॅटायटिस बी सहा महिने टिकला तर जुनाट धरतात. तो मुळासकट क्वचितच जातो, पण टेनोफोविर किंवा एंटेकाविरनं आवाक्यात राहतो. उपचार त्याच कार्यक्रमात आहेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस द्या. ब्रश, नेलकटर, वस्तरा वेगळा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. जवळ घेण्यानं, एका ताटात जेवण्यानं यांतलं काहीही पसरत नाही.

एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आयसीटीसी, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात खात्रीची तपासणी आणि समुपदेशन होतं, दोन्ही मोफत. मग एआरटी केंद्रातून (एचआयव्हीच्या उपचाराच्या केंद्रातून) औषधं, तीही मोफत. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की मुलाला थॅलेसेमिया आहे आणि लोह काढायची कुठली गोळी चालू आहे. झिडोव्हुडिन हे औषध अस्थिमज्जा दाबतं, आपल्या मुलांना ते टाळलेलं बरं. टेनोफोविर आणि डेफेरासिरॉक्स (लोह काढायची गोळी) दोन्हींचा भार किडनीवर, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, नियमित. रोज गोळी घेतली तर मूल शिकतं, नोकरी करतं. शाळेला, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना सांगायला तुम्ही बांधील नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे. मध्यरात्री कुणाशीच बोलता येईना झालं तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये फोटो काढाच, पण फोन पडतो, बदलतो. एका रक्ताला एक ओळ: तारीख, वजन, आधीचं हिमोग्लोबिन, रक्तपेढीचं नाव, बॅगचा नंबर, काढल्याची तारीख, नॅट हो की नाही, फिल्टर हो की नाही, सुरू आणि संपल्याची वेळ, त्रास काय झाला. बॅगवरचा नंबराचा स्टिकर निघत असेल तर तो ओळीतच चिकटवा. शेवटच्या पानांवर सहा महिन्यांचे रिपोर्ट.

संसर्ग निघालाच तर शेवटच्या निगेटिव्ह रिपोर्टपासून पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टपर्यंतच्या बॅगांचे नंबर काढा. प्रत्येक रक्तपेढीला लेखी अर्ज द्या: या नंबरांच्या रक्तदात्यांना बोलावून पुन्हा तपासणी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. रक्तपेढीला नोंदी पाच वर्षं ठेवाव्याच लागतात, म्हणून वेळ घालवू नका. उत्तर मिळालं नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात त्याच नंबरांसह तक्रार. दोषी शोधणं हा यातला छोटा भाग आहे. त्या रक्तदात्यालाही आपल्याला काय झालंय हे बहुतेक माहीत नसतं, आणि त्याचं रक्त आणखी कुणाच्या लेकराला गेलेलं असू शकतं.

आमची चौथी वही चालू आहे. आता मुलगीच लिहिते. परवा नंबर लिहून झाल्यावर म्हणाली, "आई, याचं अक्षर बघ, लेबलवर एक आहे का सात?" मग आम्ही दोघी खिडकीवर जाऊन विचारून आलो. सात होता.